सातवा टप्पा मी चाललोय

आधीच सांगतो, एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर वेड्यात काढायचो. आणि आज मलाच हे लिहावं लागतंय, याचा मनस्वी संताप येतोय.

निवृत्तीनंतर मी आणि आमचे गणिताचे वसंतराव, दोघांनी ठरवलं – काटेवाडीहून निघायचं, पिंपळी, पणदरे करत, पुढं इंदापूर तालुक्याच्या कडेनं फिरून परत काटेवाडी. अख्खं वर्तुळ पायी. दर रविवारी एक टप्पा. जिथं बसून डबा खायचा तिथं दगडावर वसंतरावांच्या तंबाखूच्या चुन्यानं टप्प्याचा आकडा काढायचा. आणि गाडीत बसला तो बाद.

सातव्या टप्प्याला वसंतरावांचा गुडघा धरला. मी त्यांची चुन्याची डबी घेऊन एकटाच गेलो. पणदऱ्याच्या अलीकडे उसाच्या दोन फडांमधून चांगली रुंद पाणंद लागली. बैलगाडीच्या चाकोऱ्या ताज्या होत्या, पण माणूस एकही दिसला नाही. मध्यावर जनावरांना पाणी प्यायची दगडी डोण होती, काठोकाठ भरलेली. तिच्या कडेला बसून भाकरी खाल्ली, चुन्यानं डोणीवरच सात काढला आणि पुढं निघालो. भर दुपारची गोष्ट.

बुधवारी वसंतरावांना वाट दाखवायला नेलं, तर... पाणंदच नाही. डोक्याच्या वर गेलेला सलग ऊस.

"सर, खरं सांगा," वसंतराव म्हणाले, "रिक्षा केलीत ना?"

इतक्या वर्षांची मैत्री, आणि हा प्रश्न. मला फार लागलं ते.

तेवढ्यात शेताचा मालक आला. "कुणाला हुडकताय?"

मी पाणंदीचं विचारलं.

"व्हती म्हणं पूर्वी. आमच्या वडलांनी मोडून रानात घेतली. मला कळतंय तवापासनं हितं ऊसच हाय."

वसंतराव माझ्याकडे बघून हसले. मग मात्र मी चिडून त्या डोणीचं सगळं वर्णन केलं. मालकाचा चेहरा उतरला.

"ती डोण तर आमच्या गोठ्यात हाय, सर. वडलांनीच उचलून आणली व्हती."

गोठ्यात गेलो. तीच डोण. त्यानं कडेचा कडबा बाजूला केला, तर मागं पांढरा सात. माझ्या सातची शेपटी भलतीच लांब असते, मुलं त्यावरून हसायची. वसंतरावांनी ती माझ्या निकालपत्रकांवर जन्मभर पाहिलीय.

"आधी येऊन काढला असेल सरांनी," वसंतराव पुटपुटले. आवाजात दम नव्हता.

"आमचं कुत्रं परक्याला दारात उभं करत न्हाय," मालक म्हणाला. "आन् आज मी संगट व्हतो म्हनून तुमी आत आलात."

पुढचे सगळे टप्पे आम्ही सोबत चाललो, काटेवाडीला पोचलो, चहा घेतला. तिथं कप खाली ठेवून ते हळूच म्हणाले, "माझा सातवा राहिला, सर. तेवढी वाट दाखवाल का?"

कुठून दाखवू? तिथं ऊस उभा आहे. ती वाट मला कशी सापडली याचं उत्तर माझ्यातल्या विज्ञानाच्या मास्तराकडे आजही नाही. पण चाललो मी पायीच. आणि रिक्षाबद्दलची माफी त्यांनी अजून मागितलेली नाही.