सहावा मणका

रायपूर राजधानी झालं अन् काही वर्षांनी आमच्या दवाखान्यात एकेक नवं मशीन यायला लागलं. मी तिथं सीटी स्कॅनच्या खोलीत. सगळ्यात शेवटी आला तो प्रोग्राम: पाठीचा स्कॅन टाकला की स्वतःच मणके शोधून काढणार, प्रत्येकावर ठिपका ठेवून नंबर देणार. बसवायला आलेला इंजिनिअर म्हणे, "दीदी, अब गिनने का झंझट खत्म." मले तेव्हाच राग आला. वीस वर्षं झाले मी मणके मोजून राहिली, अन् हा त्याला झंझट म्हणते!

माझा त्याच्यावर काडीचा भरवसा नव्हता. रोज त्याचे ठिपके एकेक करून तपासायची. चूक सापडत नव्हती, म्हणून तर अजूनच शंका यायची. इतका बिनचूक माणूसही नसते.

मग एक दिवस सापडली. शहराबाहेरच्या उरला कारखाना-भागातल्या रोलिंग मिलमधला पेशंट, मणक्याच्या आत गाठ, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. प्रोग्रामनं त्याच्या कमरेत सहा मणके दाखवले. सहा! कमरेत मणके पाच, हे पहिल्या वर्षाचं पोट्टंही सांगेल. "घ्या, पडलं उघडं!" मी मोठ्यानंच म्हटलं. आमच्या सरांनी शिकवलं होतं, खालून मोज, चुकणार नाही. तसं मोजलं, जास्तीचा ठिपका पुसला, नंबर सरकवले. गाठ कमरेच्या पहिल्या मणक्यातून छातीच्या शेवटच्या मणक्यात गेली. साध्या एक्स-रेत ती दिसत नव्हती. सर्जन बरगड्यांवरून मोजून मी लिहिलेल्या नंबरचाच मणका उघडणार होते.

बाहेर त्याची बायको नवऱ्याच्या चपला पिशवीत घेऊन उभी होती. "दीदी, मशीन बने बताथे न?" मशीन बरोबर सांगते ना, असं विचारत होती.

"मशीन को छोड़ो, मैं देख रही हूँ ना," मी म्हटलं.

मग वाटलं, या प्रोग्रामची फजिती छापूनच ठेवू, इंजिनिअरच्या तोंडावर मारायला. म्हणून मानेपासूनचा पूर्ण स्कॅन उघडला अन् वरून मोजत आली. मानेचे सात. बरगड्यांचे बारा. कमरेचे सहा. पुन्हा मोजले. सहाच! एखाद्याला असतात, हे कधीतरी वाचलं होतं मी. म्हणजे प्रोग्राम बरोबर होता, अन् माझ्या नंबरवर सर्जननं गाठीच्या वरचा चांगला मणका उघडला असता. धावत जाऊन सर्जनला सांगितलं, रिपोर्ट बदलला.

घरी गेली तरी डोक्यातून जाईना. आजपर्यंत कितीजणांचे तर फक्त कमरेचेच फोटो होते. वरून मोजायला काही नव्हतंच. काहून कधी शंका आली नाही मले? मशीनवर आली, स्वतःवर नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. सुट्टी झाली त्या दिवशी त्याची बायको आली, वाकून माझ्या पायांना हात लावला. "दीदी, तैं बचा ले हस." तूच वाचवलंस, म्हणे.

मी पाय मागे घेतले नाही.