वाळूत शिरलेला मासा

माझ्या नणंदेच्या, सुधाताईंच्या घरी खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी आहे. मी राहायला गेले त्याच दिवशी त्यांनी रॅस जातीचा एक नवा मासा आणला होता, हिरवा, अंगावर केशरी रेघा असलेला. त्याच्या पिशवीत पेटीतलं पाणी थोडं थोडं मिसळून त्याला त्यांनी सवय करून दिली, पेटीचा दिवा मालवला आणि मग त्याला अलगद आत सोडलं. त्याने सरळ तळाच्या वाळूत सूर मारला.

दुसऱ्या दिवशीही तो दिसेना.

"मेला तर नसेल? वाळू उकरून बघूया का?" मी विचारलं.

"अगं, नको. घाबरला की तो वाळूतच दडतो. धीर आला की येईल वर."

काळजी त्यांनाही होती. पोळ्या लाटताना नजर पेटीकडेच जायची, पण पाण्यात हात काही गेला नाही. मला त्याचंच फार कौतुक वाटलं. घरात आलेल्या नव्या सुनेला, नुकत्याच एकट्या पडलेल्या माणसाला आपण मायेपोटीच विचारून विचारून हैराण करतो. जवळ राहून गप्प बसणं किती कठीण असतं!

एका सकाळी आम्ही चहा पीत असताना वाळू हलली. आधी तोंड वर आलं, मग डोळे. जुने मासे जवळ सरकले तसा तो थबकला, पण परत आत शिरला नाही.

"आला," सुधाताई पुटपुटल्या. मी कप खाली ठेवू लागले, तर त्यांनी माझा हात धरला. कपाचा आवाजसुद्धा त्यांना नको होता.