वाळूवर सराव, बर्फावर शर्यत

बर्फावर कसं पडायचं हे मी ओमानमधल्या बिदियाच्या वाळूत शिकले, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

आम्ही तेव्हा मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमध्ये राहत होतो. नवरा रुसैलच्या एका कारखान्यात इंजिनिअर, मुलगी शाळेच्या पोहण्याच्या टीममध्ये, आणि मी त्या दोघांची ड्रायव्हर, स्वयंपाकीण आणि टॉवेल धरणारी. हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही दरवर्षी सांगलीला जायचो, साचलेली लग्नं उरकायचो आणि मसाले बांधून परत यायचो. त्या वर्षी नवरा म्हणाला, या खेपेला लग्नं नकोत, ऑस्ट्रियाला जाऊ, पोरीला बर्फ दाखवू. मला बर्फात काडीचाही रस नव्हता. पण त्याने लॅपटॉपवर हॉटेलची माहिती दाखवली, त्यात खाली एक ओळ होती. नवशिक्यांसाठी आठवडाभर स्कीचा वर्ग, आणि शेवटच्या दिवशी शर्यत.

"शर्यत आहे म्हणे," मी म्हटलं.

"लहान मुलांची असेल गं. मजा म्हणून."

"मोठ्यांचीही आहे. लिहिलंय इथे."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं पान उघडलं. त्याला वाटलं विषय संपला.

मी खो-खो खेळायचे. गल्लीतला नव्हे, जिल्ह्याच्या संघातला. साखळी पद्धतीने धावण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं, आणि खांबाजवळची माझी हुलकावणी बघायला पोरी कॉलेजचे तास बुडवून यायच्या. मग लग्न झालं, मस्कत आलं, आणि धावणं सुटलं ते सुटलंच. मुलीला हे सगळं ठाऊक होतं, पण पणजोबांकडे बैलगाडी होती हे जसं ठाऊक असतं, तसं.

त्याच उन्हाळ्यात तिची एक शर्यत वाईट गेली होती. ती पाण्यातून बाहेर आली, मी टॉवेल पुढे केला आणि म्हटलं, शेवटी दम राखून ठेवायला हवा होतास. तिने केस पुसत, शांतपणे, इंग्रजीत सांगितलं, "मम्मी, यू वुडन्ट नो. यू डोन्ट प्ले एनीथिंग." शेजारी बाकीच्या आया बसल्या होत्या. तिने हे भांडून म्हटलं असतं तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण ती मला समजावून सांगत होती. ते मला लागलं, आणि चांगलंच लागलं.

तेव्हा ऑस्ट्रियाची ती ओळ वाचली आणि माझं ठरलं. मला एकदा तिच्या डोळ्यांसमोर शर्यतीत उतरायचं होतं. जिंकायची हाव नव्हती असं म्हणणं शोभून दिसेल, पण होती. निदान तिला कळावं की टॉवेल धरणारी ही बाई कधीकाळी खेळाडू होती आणि अजून आहे.

आता मस्कतमध्ये बर्फाचा सराव कुठे करणार? नवऱ्याच्या ऑफिसात एक ओमानी सहकारी होता, मूळचा बिदियाचा. त्याच्या घरामागे वाळूचे डोंगरच सुरू होतात. तिथे गुळगुळीत फळीवर उभं राहून टेकडीवरून घसरत खाली यायचा खेळ पोरं खेळतात. हा सहकारी मोठ्या उत्साहाने म्हणाला, "मॅडम, बर्फ, रेती, सब सेम सेम." त्याने जन्मात बर्फ पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता. त्यामुळे आमचं लगेच एकमत झालं.

मग दर शुक्रवारी पहाटे आम्ही बिदियाला. तो खाली उभा राहून ओरडायचा, "यल्ला मॅडम, चलो, पीछे, पीछे." वाळूवरचं शास्त्र असं की सगळा भार मागच्या पायावर द्यायचा. पुढे झुकलात तर फळीचं टोक वाळूत रुततं आणि तुम्ही तोंडावर. सुरुवातीला मी इतकी वाळू खाल्ली की घरी आल्यावर आमटीतसुद्धा ती दाताखाली यायची. पण मी हट्टाला पेटले होते. हळूहळू शरीराला सवय लागली. भीती वाटली की मागे रेलायचं, एवढं एकच त्याला समजलं. डिसेंबर उजाडेपर्यंत मी उंचातली उंच टेकडी न पडता उतरू लागले. नवरा सावलीत बसून कलिंगड खायचा, मुलगी कानात गाणी घालून गाडीत बसायची. तिने काच खाली करून एकदाही पाहिलं नाही.

मी मात्र डांगोरा पिटला. कुरुमच्या बागेत शुक्रवारी संध्याकाळी आम्ही मराठी मंडळी जमायचो, डबे उघडायचो आणि एकमेकांच्या सुट्ट्यांची चौकशी करायचो. तिथे एक काकू होत्या, सगळ्यांत जुन्या, सगळ्यांच्या काकू. त्यांनी विचारलं, "यंदा सांगली नाही का गं?" मी म्हटलं, "नाही काकू, यंदा स्पर्धेला चाललेय. बर्फावर." काकूंनी डोळे मोठे केले आणि मला ढोकळ्याचा आणखी एक तुकडा वाढला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा ढोकळा गोड लागला.

ऑस्ट्रियातल्या त्या गावात पहिल्याच सकाळी मला कळलं की माझी फसवणूक झाली आहे, आणि ती मीच केली आहे. पायात लोखंडी वाटावेत असे बूट, त्यांना लांबलचक पट्ट्या, आणि शिकवायला विशीतली एक लालबुंद गालांची मुलगी. ती पहिलं वाक्य बोलली ते असं: भार पुढे. नडगी बुटावर दाबली गेली पाहिजे. मागे रेललात की स्की पायांखालून निघून जातात आणि मग तुमच्या हातात काही राहत नाही.

मी मनात म्हटलं, झालं. बिदियातले सगळे शुक्रवार गेले वाळूत.

डोक्याला समजतं हो. शरीराला कोण सांगणार? जरा उतार आला की भीती वाटायची, भीती वाटली की मी मागे, आणि मागे गेले की बसलेच. वर्गात एक जर्मन आजोबा होते आणि दोन बहिणी होत्या. त्या सगळ्यांनी कधी स्की केलं नव्हतं, तेच त्यांचं भाग्य. त्यांना काहीच येत नव्हतं, म्हणून ते शिकत होते. मला जे येत होतं ते आधी विसरायचं होतं. शिक्षिकेने विचारलं, ही सवय लागली कुठे? मी खरं ते सांगितलं, वाळवंटात. ती खळखळून हसली, मग दुसऱ्या शिक्षकाला हाक मारून तिने त्यालाही ते जर्मनमध्ये सांगितलं. तोही हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तळपाय बुटात गोठले होते.

नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी बूट परत केले आणि हॉटेलच्या गच्चीवर उन्हात खुर्ची पकडली. तिथून तो माझी पडापड बघायचा. जेवताना म्हणाला, "नाचता येईना..."

"पुढचं बोलू नका," मी म्हटलं. "इथे अंगण खरोखर वाकडं आहे."

आणि मुलगी? मुलगी दोन दिवसांत पाण्यातल्या माशासारखी बर्फावर. माझ्या शेजारून सर्रकन जाताना ती मान वळवून सांगायची, "मम्मी, जस्ट लीन फॉरवर्ड." पुन्हा तोच समजावणीचा सूर. मी संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत कपाटाला हात टेकून पुढे झुकण्याचा सराव करायचे. पाठ दुखायची, मांड्या भरून यायच्या, आणि रडू यायचं ते दुखण्याने नव्हे, रागाने. जे अंग एके काळी माझ्या मनात यायच्या आधी वळायचं, ते आता सांगूनही ऐकत नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी आमच्या छातीवर आकडे बांधले. उतारावर लाल आणि निळी निशाणं रोवली होती. प्रत्येक निशाणाला बाहेरून वळसा घालून खाली यायचं, एकही सोडायचं नाही. सोडलं की बाद. हा नियम ऐकला आणि पहिल्यांदा मला त्या डोंगरावर आपलं काही सापडलं. निशाणं काय, खांबच की ते. खाली नवरा होता आणि तिची शर्यत आटोपून मुलगीही तिथे उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. कानात काही नव्हतं.

माझी पाळी आली. मी गुडघे वाकवले आणि मला खो-खोच्या पाटीवर बसल्याची आठवण झाली, पाठीवर खो मिळायची वाट बघत, पुढच्या पावलावर सगळा भार देऊन. अरे, हेच तर ती पोरगी आठवडाभर सांगत होती. मी सुटले. पहिलं निशाण गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्याला मी अशी वळले की माझं मलाच नवल वाटलं. वारा गालाला झोंबत होता आणि मी कॉलेजात होते. त्या थोड्या वेळात मी किती आनंदात होते ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मग उतार जरा तीव्र झाला. फार नाही, भीती वाटायला पुरेल इतकाच. आणि कुठूनतरी आवाज आला, पीछे, पीछे. मी मागे रेलले. स्की पुढे गेल्या, मी बसले, आणि बसल्या बसल्या निळ्या निशाणाच्या चुकीच्या बाजूने घसरत गेले. उठले. वर चढून ते निशाण घ्यायचं होतं, नियमात ते बसत होतं. दोन पावलं चढले तर वरून पुढचा स्पर्धक निघालाच होता, आणि कडेला उभ्या माणसाने हात हलवून मला बाजूला काढलं. खलास. उरलेला उतार मी कडेकडेने उतरले. 

हे एवढंच झालं असतं तर मी ते गिळलं असतं. पण संध्याकाळी गावच्या चौकात बक्षीस समारंभ होता. पहिले तिघं झाले, टाळ्या झाल्या. मुलगी तिच्या गटात दुसरी आली होती. मग त्यांनी उरलेल्या सगळ्यांना एकेक करून बोलावलं आणि प्रत्येकाच्या गळ्यात पदक घातलं. माझंही नाव पुकारलं. ती लालबुंद गालांची शिक्षिका रिबीन पसरून उभी होती, अगदी मनापासून हसत.

मी म्हटलं, "नको. माझं एक निशाण सुटलं."

तिला वाटलं मला कळलं नाही. ती म्हणाली, हे सगळ्यांसाठी आहे, भाग घेतल्याबद्दल. मी म्हटलं, मी बाद झाले, बाद झालेल्याला पदक नसतं. लोक थांबले. ती गोंधळली. मागून मुलगी दातओठ खात पुटपुटली, "मम्मी, जस्ट टेक इट, प्लीज." मी घेतलं नाही. शिक्षिकेचा हात दाबला, आभार मानले आणि मंचावरून खाली उतरले.

हॉटेलकडे परत जाताना मुलगी भडकली होती. "तू सगळ्यांसमोर सीन केला. शी वॉज बीइंग काइंड. यू फेल डाउन, इट्स ओके, सगळे पडतात."

"मी पडले नाही," मी म्हटलं. माझाही आवाज चढला होता. "पडतं ते लहान मूल. पडलेल्याला उचलतात, खाऊ देतात. मी शर्यतीत होते. शर्यतीतला माणूस आउट होतो. त्याला खाऊ द्यायचा नसतो, आउट म्हणायचं असतं."

"व्हॉट्स द डिफरन्स?"

नवरा मध्ये पडून म्हणाला, चला, सूप गार होईल. त्या रात्री आणि विमानात ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिच्या समोर खेळाडू व्हायला गेले आणि तिची मान खाली घालायला लावून परत आले, असं वाटत होतं. बिदियाच्या त्या सहकाऱ्यावर, शिक्षिकेवर आणि स्वतःच्या पाठीवर, सगळ्यांवर मी चिडले होते.

मस्कतला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी कुरुमची बाग. मी कारणं शोधत होते, पण काकूंनी फोन करून बोलावलं होतं. डबे उघडले, चटण्या निघाल्या. मुलगी नेहमीप्रमाणे जरा लांब, फोनमध्ये डोकं घालून बसली होती. नवऱ्याने गच्चीवरून काढलेले माझ्या पडापडीचे फोटो आधीच सगळ्यांच्या मोबाइलवर पोचले होते.

काकू हसत म्हणाल्या, "काय गं, स्पर्धेत म्हणे आपटलीस. चालायचंच. या वयात पडायचंच आपण."

बायका हसल्या. मीही हसायची तयारी केली. तेवढ्यात मुलीने फोनमधून मान वर केली. मराठी बोलताना ती एकेक शब्द चाचपत बोलते, तशीच बोलली.

"मम्मी पडली नाही, काकू," ती म्हणाली. "मम्मी आउट झाली."

आणि पुन्हा फोनमध्ये बघू लागली.