वादळ पोचल्यावर पाठवलेला इशारा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. सांगायला बसले की आधी ढगांचीच तक्रार सुरू होते. आताही तेच होतंय, पाहा.

अकोल्यातल्या एका कार्यालयात मी हवामानाचे इशारे काढते. उन्हाळ्यात दुपारनंतर धारणीकडच्या डोंगरांवर ढग चढतात, रडारवर लाल डाग दिसतो. तो सपाटीवर उतरेल की वाटेतच विरेल — कोण छातीठोकपणे सांगणार? पण चुकलं की बोलणी मलाच.

त्या एप्रिलात लागोपाठ तीन इशारे फुकट गेले. अचलपूरजवळ झेंडू लावणारे वसंतभाऊ आमच्या इशाऱ्यांचे मेसेज जाणाऱ्यांच्या यादीत होते. त्यांचा फोन आला. साहेबांनी तो मुद्दाम स्पीकरवर लावला. "मॅडम, तीन दिस बाया वावरात जाऊ देल्या नाई मी. फुलं झाडावरच सुकून राहिले. तुमाले समजत नसन तर सांगता काहून?"

सगळे हसले. साहेबही.

दुसऱ्याच दिवशी साडेतीनला डाग पुन्हा उठला. या वेळी विरत नव्हता. सरळ अचलपूरकडे सरकत होता, विजा पाडत. मी मेसेज लिहिला — गावं, वेळ, झाडाखाली थांबू नका. फक्त पाठवायचा बाकी होता.

आणि मी हात मागे घेतला.

विसरले नाही. शंका होती, असंही नाही — इतकी खात्री मला क्वचितच वाटली असेल. भिजू दे एकदा, असं मनात आलं. भिजू दे! विजेचं मला कळत नव्हतं का? कळत होतं. अर्धा तास तशीच बसून राहिले. वादळ गावावर पोचलेलं दिसलं, तेव्हा पाठवला.

वसंतभाऊंच्या पत्नी, कमलताई, फुलं तोडता तोडता निंबाखाली थांबल्या होत्या. वीज त्याच झाडावर पडली. त्या वाचल्या. डाव्या कानानं ऐकू येत नाही, डावा हात उचलला जात नाही.

साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, वेळेत पाठवला होता, तिकडे रेंज नसते. कुणी तपासलंसुद्धा नाही.

महिन्याभरानं त्यांच्या घरी गेले — खरं सांगायलाच. निदान बसमध्ये तरी तसं ठरवलं होतं. पण वसंतभाऊच आधी बोलले. "ताई, मी तुमाले नाई नाई ते बोललो. तुमच्या साहेबायनं सांगतलं, तुमी तर पाठवलाच होता. आमच्याच फोनवर उशिरा आला."

कमलताई उजव्या हातात एक कप घेऊन आल्या, दुसऱ्यासाठी पुन्हा आत गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "कितीक डाव म्हटलं मी यायले, ते सिम बदला म्हून. आयकलंच नाई."

वसंतभाऊंनी हातातला फोन खाटेवर पालथा ठेवला.

मी चहा प्यायले. आणि म्हणाले — हो, रेंजच खराब आहे इथली.