आमच्या घरात नसलेला उंदीर

आमच्या घरात उंदीर नव्हता. हे मी वयाच्या शहात्तराव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत, लिहून देत आहे. गेली नऊ वर्षं जबलपुरातले आमचे सगळे नातेवाईक त्या उंदराबद्दल बोलत आले आहेत, आणि त्याच्यापायी माझ्या थोरल्या भावाला घरात जी वागणूक मिळाली, ती खऱ्या उंदरालाही मिळू नये.

सुरुवात गोधडीपासून झाली. दादा आणि वहिनी खाली राहतात, मी आणि माझी बायको शैला वर. दादाच्या मुलीला, मीनलला, मुलगी झाली होती आणि बारशासाठी शैला गोधडी शिवत होती. गोधडीच्या बाबतीत तिचं एक शास्त्र आहे. जुन्या साड्यांचे छापील तुकडे शेजारी शेजारी आले की ते भांडतात; मध्ये साध्या, एकरंगी कापडाची पट्टी घातली की गप्प बसतात. (आमच्या संसारातली साधी पट्टी म्हणजे मी, असा माझा समज होता.) या गोधडीला तिला साधं डाळिंबी सुती कापड हवं होतं. लाल नाही, मरून नाही. डाळिंबी.

"बडा फुहाऱ्याच्या कापडबाजारात जा," ती म्हणाली, "आणि कापड दुकानाबाहेर नेऊन उन्हात बघा."

मी पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. दुकानदार 'अंकल जी, बैठिए' म्हणतो, पाण्याचा ग्लास पुढे करतो, आणि आपण त्याचं कापडाचं अख्खं थान बगलेत मारून रस्त्यावर जायचं? मी ट्यूबलाइटखाली बघितलं. घरी आल्यावर ते मरून निघालं. दुसऱ्या खेपेला आणलं ते लाल निघालं.

"हे काय आणून राहिले तुम्ही? बाळाची गोधडी आहे, बँडवाल्याचा कोट नाही."

"दुकानात डाळिंबीच होतं."

"मग बाहेर काहून नाही पाहिलं? ऊन लागलं असतं का तुम्हाला?"

तिसऱ्या खेपेला तिने नखाएवढी चिंधी हातावर ठेवली. "नमुन्याची ही शेवटची. हरवली तर घरी येऊ नका."

दुकानात मी चिंधी काउंटरवर ठेवली, चष्मा काढला, पुसला, परत लावला. चिंधी नव्हती. थान उलगडताना कुठेतरी खाली गेली होती. "यहीं कहीं होगी, अंकल जी," दुकानदार म्हणाला. मी गुडघ्यांवर बसून सात चिंध्या गोळा केल्या. सातही डाळिंबी होत्या. सातही वेगळ्या होत्या.

रिकाम्या हाताने घरी आलो तेव्हा शैला आणि वहिनी पाळणा बघायला बाजारात गेल्या होत्या आणि दादा आत घोरत होता. खालच्या व्हरांड्यात खाटेवर वहिनींची रेशमी साडी वाऱ्याला टाकली होती, डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून. मीनलच्या लग्नात त्या ती नेसल्या होत्या आणि आता नातीच्या बारशाला नेसणार होत्या. साडी मोरपंखी, पण तिचं एक टोक साधं, एकरंगी, आणि अगदी त्या हरवलेल्या चिंधीच्या रंगाचं.

इथे मी डोकं चालवलं. साडीच्या एका टोकाला ब्लाउजपीस असतो, एवढं मला ठाऊक होतं. साधं टोक म्हणजे तोच असणार. तो तर कापण्यासाठीच असतो! त्यातून दोन बोटांएवढा कोपरा घेतला तर कोणाचं काय जातं? मी वरून शैलाची दातेरी कात्री आणली. या कात्रीने कापलं की कापडाच्या कडेला करवतीसारखे दाते पडतात आणि सुतं निघत नाहीत. म्हणजे चोरीतही मी साडीची काळजी घेतली.

(ब्लाउजपीस वहिनींनी लग्नाच्या वेळीच कापून शिवून घेतला होता. मी कापला तो पदर.)

तो कोपरा घेऊन मी पुन्हा बडा फुहाऱ्याला गेलो, थान बगलेत मारलं, भर रस्त्यात उन्हात धरलं आणि बिनचूक डाळिंबी घेऊन आलो. शैलाने कापड खिडकीशी नेलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "चलो, एक काम तरी बरोबर केलं." लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ते परत करायची माझी हिंमत झाली नाही.

बारशाच्या सकाळी वहिनींनी साडी उलगडली आणि "अगं बाई, पदर!" म्हणून ओरडल्या. सगळे धावले. दादा शाळेत विज्ञान शिकवत असे. त्याने भिंग मागवलं, पदराचा कोपरा खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला.

"उंदीर," तो म्हणाला. "कडेला दातांच्या खुणा बघा. एकसारख्या, एका ओळीत. पूर्ण वाढ झालेला उंदीर आहे. दात अगदी निरोगी."

"अच्छा," वहिनी म्हणाल्या. "आणि तो आला कशाला आपल्या घरी?"

सगळे दादाच्या खाटेखाली पाहू लागले. तिथे मटारचं पोतं होतं. जवळच्या पाटन गावचा त्याचा एक जुना विद्यार्थी दर हिवाळ्यात ते पाठवत असे आणि दादा दोन-दोन तास उन्हात खुर्ची टाकून मटार सोलत बसे. निवृत्तीनंतर त्याला तेवढाच एक षौक होता. आपल्या निदानाने आपणच अडकलो, हे दादाच्या हळूहळू लक्षात आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. बोलायची वेळ हीच होती. मी तोंड उघडलं.

"मटार गोड असतात," मी म्हणालो.

वहिनी बारशाला साधी साडी नेसून आल्या. बाळाखाली गोधडी अंथरली तेव्हा तिच्या डाळिंबी पट्टीवर हात फिरवून म्हणाल्या, "साडी गेली, पण तिचा रंग तरी आला. शैलाची नजर म्हणजे नजर." मी पेढा गिळला.

पोतं त्याच दिवशी फाटकाबाहेर गेलं. मग दादाचा चिवड्याचा डबा गेला. मग उंदीर कागदात राहतो म्हणून त्याची जुनी मासिकं गेली. घरात पिंजरा आला आणि वहिनी त्यात रोज एक भजं लावू लागल्या. तीन दिवस भज्याला कोणी तोंड लावलं नाही.

"काहून खात नसेल तो?" वहिनी म्हणाल्या. "खरंच उंदीर आहे ना हो?"

चौथ्या दिवशी दुपारी सगळे झोपल्यावर मी ते भजं खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुसरं. आठवडाभर चाललं. वहिनी भजी चांगली करतात.

"फार हुशार जनावर आहे," दादा पिंजरा निरखत म्हणाला. "भजं नेतो, पण दार पडू देत नाही."

नऊ वर्षं गेली. मागच्या महिन्यात पाटनचा तो विद्यार्थी स्वतःच पोतं घेऊन फाटकाशी आला. दादा आता ब्याऐंशीचा. काठी टेकत गेला, पोत्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "नहीं बेटा, ले जाओ. हमारे यहाँ चूहा है." परत येऊन खुर्चीत बसला आणि रिकाम्या हातांकडे बघत राहिला. ते मला बघवेना. वहिनी आणि शैला तिथेच होत्या. मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.

कोणी रागावलं नाही. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला.

"भाऊजी, भावासाठी एवढं खोटं कोण बोलतं आजकाल?"

"विनू," दादा म्हणाला, "माझं पाप तू कशाला घेतोस रे? दातांच्या खुणा मी भिंगातून पाहिल्या आहेत."

"पण मीच कापलं!"

"पाणी द्या त्याला," दादा म्हणाला.

आता पुरावा देण्यावाचून इलाज नव्हता. शैलाच्या मशीनवर दातेरी कात्री होती आणि शेजारी साधं पिवळं कापड पडलं होतं, नव्या गोधडीचं. मी कोपरा धरला आणि शैला "अहो, अहो" म्हणेपर्यंत दोन बोटांएवढा तुकडा कापून दादाच्या हातात दिला. त्याने भिंग मागवलं. बराच वेळ पाहिलं.

"तोच उंदीर," तो म्हणाला.

वहिनी तुकड्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर पिवळ्या कापडावर होती. मीनलने परवाच पाठवलेली ती त्यांची नवी साडी होती. फॉल लावायला शैलाकडे दिली होती.

"अहो," वहिनी दादाला म्हणाल्या, "त्या पाटनवाल्याला फोन लावा. दूर गेला नसेल. आणू द्या मटार."

दादा नवव्या वर्षी निर्दोष सुटला. त्याला सोडवायला दोन साड्या लागल्या. माझ्या हातून न्याय होतो, पण त्याला कापड फार लागतं.