महाजन मॅडमचा संशय

महाजन मॅडमचा थर्मामीटरवर विश्वास नव्हता. सकाळी प्रयोगशाळेत आल्या की पर्स खुंटीला अडकवायच्या आणि थेट इन्क्युबेटरपाशी, म्हणजे जिवाणू वाढवायच्या उबदार कपाटापाशी जायच्या. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा उलटा हात त्याच्या दाराला लावायच्या. कपाटावरचा लाल आकडा सगळं ठीक असल्याचं सांगत असायचा. मॅडम डोळे बारीक करून त्या आकड्याकडे बघायच्या आणि त्यालाच विचारायच्या, "कशावरून?"

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला तो पीएच.डी.साठी त्यांच्याकडे गेले त्या दिवशी. बुरहानपुरात लालबागच्या बाजूला आमचं कॉलेज, त्यात मागच्या अंगाला सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग, आणि मॅडम त्याच्या प्रमुख. मी गुणपत्रिका पुढे ठेवली. त्यांनी ती खिडकीतल्या उजेडात धरली, पालथी केली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"खरी आहे?"

"हो मॅडम."

"कशावरून?"

मला राग आला. माझे वडील पेपर मिलमध्ये कामाला, साधीसरळ माणसं आम्ही. तसं मी ताडकन सांगून टाकलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पेपर मिलमध्ये काय बनतं? कागदच ना? मग कागदाचा काय भरोसा बेटा?" आणि मला घेतलं. का घेतलं, ते त्यांनाच ठाऊक.

बाई जवळच्याच बहादरपूरच्या, केळीच्या बागा असलेल्या घरातली. लग्न केलं नाही. गावातल्या सिंधीपुऱ्यात भाच्याच्या, नीलेशच्या घरी राहायच्या. उंची बेताची, आवाज बारीक, चालताना चपलांचा आवाज होणार नाही याची काळजी. त्यामुळे त्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळायचंच नाही. बिनसाखरेचा चहा आला की आधी घोटभर माझ्या कपात ओतायच्या. मी पिऊन तोंड वाकडं केलं की मगच आपला कप उचलायच्या. त्यांच्या या स्वभावाबद्दल कॉलेजात नाना कहाण्या होत्या. तरुणपणी कोणीतरी मोठा दगा दिला म्हणे. मी एकदा धीर करून विचारलंच. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "असं कोण म्हणतं? आणि कशावरून म्हणतं?"

एका प्राण्यावर मात्र त्यांचा पुरता विश्वास होता, तो म्हणजे आमच्या प्राणिगृहातल्या पांढऱ्या उंदरांवर. त्यांना त्या उघड्या हातावर घ्यायच्या, मानेवरून बोट फिरवायच्या. "हे बिचारे खोटं बोलत नाहीत. आपणच त्यांना उलटंसुलटं विचारतो." माझ्याशी त्या इतक्या मऊ आवाजात कधी बोलल्या नाहीत, हे मी तेव्हाच मनात नोंदवून ठेवलं होतं.

माझं काम असं होतं. मॅडमच्या वहिनीच्या घरच्या ताकातून आम्ही एक जिवाणू वेगळा काढला होता. जुलाबानं अशक्त झालेल्या लहान उंदरांना तो दुधातून दिला तर ती लवकर अंग धरतात का, हे बघायचं. अर्ध्या पिंजऱ्यांना जिवाणू घातलेलं दूध, अर्ध्यांना नुसतं दूध. रोज सगळ्यांचं वजन करायचं.

आणि काय सांगू! माझे जिवाणूवाले उंदीर असे फुगले, असे तुकतुकीत झाले, की मी हरखूनच गेले. नुसत्या दुधाचे बिचारे तसेच मरगळलेले. मी तो आकडा प्रगती अहवालात घालून विद्यापीठाकडे पाठवला, आणि मावा जिलेबी घेऊन विभागात आले. सगळ्यांनी खाल्ली. मॅडमनी जिलेबीला हात लावला नाही. वजनं बघितली, पुन्हा बघितली.

"इतकं चांगलं? मग नक्की गडबड आहे."

त्या दिवसापासून संशयाची सुई माझ्याकडे वळली. मी पिंजऱ्याशी वाकले की मागे मॅडम. मी हात धुतले की बेसिनपाशी मॅडम. एक दिवस माझी बॅग टेबलावर उपडी केली, आणि डबा उघडून बघितला.

"पोळी अर्धी आहे. बाकीची कुठं गेली?"

"खाल्ली मॅडम."

"कशावरून?"

आता पोटातली पोळी काय काढून दाखवू? त्यांना वाटत होतं की आकडा चांगला यावा म्हणून मी माझ्या लाडक्या उंदरांना वरून खाऊ घालते. तसं त्यांनी स्वच्छ विचारलंही. "तू काही खाऊ घालून राहिली का त्यांना?" मी नाही म्हटलं. पुढचा शब्द कोणता आला, ते सांगायला नकोच.

मग त्यांनी नवे उंदीर आणवले आणि प्रयोग पुन्हा मांडायला लावला. या वेळी दुधाच्या बाटल्या त्या स्वतः भरून, 'जिवाणू' आणि 'नुसतं' अशा चिठ्ठ्या लावून द्यायच्या. मी पहिल्यासारखेच पिंजरे लावले, मिळेल ते दूध पाजलं, वजनं घेतली. निकाल तोच! माझे उंदीर पुन्हा गुबगुबीत, दुसरे मरगळलेले. मी विजयी मुद्रेनं कागद त्यांच्यापुढे ठेवला. मॅडमनी तो उलटून पाहिला. मग म्हणाल्या, "दोन्ही बाटल्यांत सादं दूधच होतं. जिवाणू कोणालाच दिला नव्हता. आता बोल."

जिवाणू दिलाच नाही, तर माझेच उंदीर का वाढले? याला एकच उत्तर दिसत होतं, आणि ते त्यांच्या नजरेत होतं. मी चोर ठरले होते. पदवी तर गेलीच, पण बुरहानपूरसारख्या गावात हे नाव घेऊन राहायचं कसं? घरी येऊन मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आई म्हणाली, "सोडून दे ते उंदीर. बाईला संशयाचा रोग आहे." मलाही पटलं. दुसऱ्या दिवशी राजीनाम्याचा कागद लिहूनच गेले.

मॅडम जागेवर नव्हत्या. प्राणिगृहात गेले तर तिथे, भर उन्हाळ्यातल्या दुपारी, एका टोकाला भिंतीशी स्टूल टाकून बसलेल्या. घामानं निथळत होत्या, ब्लाऊज पाठीला चिकटलेलं.

"ये. बस इथं," त्या उठत म्हणाल्या. मी बसले. मागची भिंत पश्चिमेची, तव्यासारखी तापलेली. थोड्याच वेळात मला गरगरायला लागलं.

"जेवणार? डबा आणू तुझा?"

"नको मॅडम. अन्नाची इच्छाच नाही."

"मग यांना कशी होईल?" त्यांनी बाजूच्या पिंजऱ्यांकडे बोट दाखवलं. ते सगळे नुसत्या दुधाचे पिंजरे होते. मग मला उठवून दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे खिडकीत कूलर होता. त्याच्या गार, ओलसर झोतात माझे लाडके आरामात दाणे कुरतडत होते.

"इथं कोणी ठेवले हे?"

मीच ठेवले होते. दोन्ही वेळा. आणि खरं सांगते, मुद्दाम नव्हे, विचार करूनही नव्हे. आमच्या घरी उन्हाळ्यात जावई आला की त्याची खुर्ची आपोआप कूलरसमोर सरकते, तसे माझ्या हातानं ते पिंजरे कूलरसमोर गेले होते. जिवाणूवाले म्हणजे मानाचे! बाकीचे कुठेही राहतील.

मला वाटलं, आता मॅडम "चुकले बेटा" म्हणतील. कसलं काय! "कूलरमुळंच झालं कशावरून? पुन्हा करू," एवढंच म्हणाल्या. राजीनाम्याचा कागद माझ्या मुठीत भिजून गेला होता, तो मी बाहेर जाऊन टाकून दिला.

मग मॅडम रोज स्वतःच्या हातानं पिंजऱ्यांच्या जागा बदलू लागल्या. कोणत्या बाटलीत काय, ते मला कळू देत नव्हत्या. शेवटी निघाला तो अगदी चिमूटभर फरक. जिवाणूवाले उंदीर किंचित लवकर सावरत होते, बस. माझा चेहरा पडला. त्यांचा मात्र पहिल्यांदाच जरा उजळला. "चिमूटभर आहे ना? मग खरा असंल."

कूलरची सगळी हकिकत मी प्रबंधात प्रामाणिकपणे लिहिली. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले. परीक्षेआधी चहाच्या वेळी मॅडम त्यांना व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि हळू आवाजात काही सांगू लागल्या. परीक्षकांनी वळून माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं हाताखाली राबले, आणि शेवटच्या दिवशीही या बाईचं मन साफ नाही!

आत गेल्यावर परीक्षकांनी माझा जुना प्रगती अहवाल आणि नवा प्रबंध शेजारी शेजारी ठेवले. "आधी एवढा मोठा फरक, आता एवढासा. आधीचा आकडा बनवला होता की आताचा बनवलाय?" मी कूलरचं सांगितलं. ते हसले. "गोष्ट छान आहे. पण ती मागाहून रचलेली नाही कशावरून?"

तो शब्द दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकून मी नुसतं मॅडमकडे बघितलं. परीक्षकही त्यांच्याकडे वळले. "मॅडम, तुमचा या मुलीवर भरोसा आहे?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

मला तर वाटलं, संपलं.

"भरोसा मी कोणावर ठेवत नाही साहेब. सकाळी मीच तुम्हाला म्हटलं ना, हिला सोडू नका म्हणून? पण आता ऐका. या पोरीची बॅग मी तपासली. जेवणाचा डबा तपासला. दोन्ही बाटल्यांत सादं दूध भरून हिला फसवलं. पिंजरे माझ्या हातानं हलवले, तर उंदीर जागेप्रमाणं खाऊन राहिले होते, हिच्या मर्जीप्रमाणं नाही. हिला रडवलं, तरी हिनं एक आकडा बदलला नाही. संशय घेऊन घेऊन मी थकले साहेब. आता माझ्याजवळ उरला नाही. तुमच्याजवळ असंल तर घ्या. काही सापडलं तर मला पण सांगा."

परीक्षकांनी दोन्ही कागद मिटले आणि पुढचा प्रश्न ताकाबद्दल विचारला. उत्तर देता देता मला कळलं. कोणी डोळे मिटून माझ्यावर विश्वास ठेवला असता, तर त्या खोलीत त्याची किंमत शून्य असती. मॅडमनी माझी झडती घेतली होती म्हणून मी वाचले. बाहेर आल्यावर मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "रडू नको. पदवी मिळाली की शिक्का नीट बघून घे."

पुढे मॅडम निवृत्त झाल्या, मी त्याच कॉलेजात शिकवू लागले. मागच्या वर्षी त्यांचं दुखणं वाढलं. सिंधीपुऱ्यात भेटायला गेले तेव्हा बोलणंही होत नव्हतं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी माझ्या नव्या प्रयोगाचा निकाल सांगितला, आणि वाट बघत बसले. तो शब्द आलाच नाही. मला भीती वाटली. "मॅडम, विचारा ना, कशावरून म्हणून!" त्यांनी डोळे उघडले. "तू विचारलं असशील," म्हणाल्या आणि पुन्हा मिटून घेतले.

थोड्या दिवसांनी सकाळी नीलेशचा फोन आला. "ताई, आत्या गेली."

आणि माझ्या तोंडून, देवाशपथ, नकळत निघून गेलं, "कशावरून?"

मी जीभ चावली. पलीकडून नीलेश म्हणाला, "डॉक्टर बघून गेले होते ताई. मी त्यांना जिन्यातून परत बोलावलं आणि पुन्हा एकदा बघायला लावलं. नाही तर तिनं मला सोडलं नसतं."