जिन्याखालची खोली

कोणत्याही जुन्या घरात शिरलं, की ताई आधी विचारायच्या, "इथे ते झोपायचे कुठे?" ते म्हणजे गुलाम. ब्रिस्टल या इंग्रजी बंदरातली ही टोलेजंग घरं समुद्रापारच्या उसाच्या मळ्यांच्या पैशावर उभी राहिली, आणि मळ्यांवरची काही माणसं मालकांनी घरकामाला इथेही आणली. दिवाणखाने सगळेच बघतात. ती माणसं पाठ कुठे टेकायची, हे ताई शोधायच्या. मी त्यांच्या हाताखाली नकाशे काढायची.

त्यांची पद्धत तुम्ही पाहायला हवी होती. जुनी कागदपत्रं वाचून झाली, भिंती ठोकून झाल्या, की बूट दाराशी काढून बाई सरळ जमिनीवर आडव्या! एकदा घरमालकीण अँब्युलन्स बोलवायला धावली होती. "टेपने खोली मोजता येते गं, माणूस नाही," ताई म्हणायच्या. मग गुडघ्यांना शिव्या देत हात वर करायच्या, "चल, उठव मला."

अशाच एका घरात, जिन्याखालच्या खोलीत, पडल्यापडल्या त्यांना तो डाग दिसला. उशाशी, गिलाव्यावर, मेणबत्तीची काजळी. दाराला कडी होती, ती बाहेरून. घराचं म्युझियम होणार होतं. तिथल्या पाटीवर 'इथे गुलाम झोपत असे' एवढंच लिहा, असं ताईंचं म्हणणं.

मीटिंगमागून मीटिंग झाल्या. एक ट्रस्टी म्हणाले, "एव्हिडन्स कमी पडतो. कुत्रा ठेवत असतील."

ताई दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "कुत्र्याला मेणबत्ती कशाला लागते?"

निर्णय पुढच्या मीटिंगवर गेला. बसस्टॉपवर ताई म्हणाल्या, "ऑनेस्टली, कंटाळा आला गं. मेलेल्या माणसाला त्याचीच खोली मिळवून द्यायला किती ही उस्तवार!"

ती मीटिंग व्हायच्या आत ताई गेल्या. मला अजून त्यांचा राग येतो. असं अर्ध्यावर टाकून जातात का कोणी?

परवा म्युझियम पाहून आले. जिन्याखाली पाटी आहे, 'स्टोअर'. भिंती छान पांढऱ्या रंगवल्यात. मी बूट काढले आणि आडवी झाले. उशाशी डाग नव्हता. दारात कोणीतरी आलं, पाटी वाचली आणि पुढे गेलं. उठताना नकळत हात वर केला. मग आठवलं, आणि तशीच पडून राहिले.